किक पॅड डुगडुगतंय? आधी पेडलची पकड तपासा

इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्या ग्राहकांकडून एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. दोन गाणी वाजवून होईपर्यंत किक पॅड, म्हणजे बेस ड्रमच्या जागी पायाने वाजवायचं पॅड, वीतभर पुढे गेलेलं असतं, नाहीतर प्रत्येक ठोक्याला डुलतं. साध्या बेस ड्रमला स्वतःचं वजन असतं आणि त्याची बैठक रुंद असते. किक टॉवर, म्हणजे हे पॅड ज्यावर बसवलेलं असतं तो स्टँड, त्यामानाने हलका आणि उभट. पेडलचा बीटर, म्हणजे पॅडवर ठोका देणारा दांडा, जमिनीपासून बऱ्यापैकी उंचावर आदळतो, त्यामुळे टॉवर पुढे ढकलला जातो आणि पुढे कलायलाही बघतो. त्याला मागून दाबून धरतो तो पेडलवरचा तुमचा पाय. पण पायाचा भार टॉवरपर्यंत पोहोचायचा तर पेडल आणि टॉवर एकजीव बसलेले हवेत. म्हणून सुरुवात नेहमी या जोडापासून करा.

पेडलला टॉवरशी जोडणारा क्लॅम्प पूर्ण सैल करून पेडल काढा. टॉवरच्या तळाची पट्टी क्लॅम्पच्या जबड्यात आतपर्यंत जाऊ द्या, बीटर पॅडच्या मधोमध येतोय ना ते पाहा आणि मगच बोल्ट आवळा. आता पेडलच्या टाचेखाली कागद सरकवून बघा. सहज आत गेला, तर पेडल तिथे अधांतरी आहे आणि पाय पडला की ते वरखाली होणारच. क्लॅम्प तिरका बसला किंवा गरजेपेक्षा जास्त आवळला, की बहुधा असं होतं. पट्टी जबड्याच्या मानाने पातळ असेल तर बोल्टवर जोर काढू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. रबर पट्टीला धरून ठेवतं आणि ओरखडेही पडत नाहीत.

जोड पक्का झाला की जमिनीकडे वळा. टॉवरच्या पुढच्या बाजूचे टोकदार स्क्रू, म्हणजे स्पर, सतरंजीत किंवा जाड मॅटमध्ये रुतण्यासाठी असतात. गुळगुळीत फरशीवर ते घसरतात, शिवाय फरशीला ओरखडे काढतात. दोन्ही स्पर सारखेच बाहेर काढा. एक कमी-जास्त झाला की टॉवर तिरका उभा राहतो. मॅट इतकी मोठी घ्या की तुमचं स्टूलही तिच्यावरच येईल. मग तुमच्याच वजनाने मॅट जागची हलत नाही. छोट्या मॅटवर स्पर घट्ट रुततात खरे, पण मॅटच पुढे चालू लागते! एवढ्यानेही भागलं नाही, तर जाड प्लायवुडच्या फळीवर टॉवर-पेडल ठेवून पुढे लाकडी पट्टी स्क्रूने बसवा. दिसायला साधा उपाय, पण जोरकस वाजवणाऱ्यांना आम्ही हाच सुचवतो.

डबल पेडल असेल तर दोन्ही बीटर मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर टॉवर एका बाजूला पिळतो.

हे सगळं झाल्यावरच मॉड्यूलला, म्हणजे ठोक्यांचा आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला, हात लावा. पॅडमधला सेन्सर कंपनं टिपतो. टॉवर डुलून परत जागेवर आला की तो धक्काही त्याला ठोक्यासारखाच वाटू शकतो, आणि एका ठोक्याला दोन आवाज येतात. मग अनेकजण थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराच्या ठोक्यापासून आवाज यावा ती मर्यादा, वाढवून मोकळे होतात. आमची कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. थ्रेशोल्ड वाढला की हलके ठोके ऐकूच येईनासे होतात, आणि महिनोन्‌महिने कमावलेला पायाचा नाजूकपणा वाया जातो. टॉवर स्थिर असूनही दुहेरी आवाज येत असेल, तर ठोका दिल्यावर बीटर पॅडवर दाबून ठेवण्याची सवय आहे का ते पाहा. बीटर तिथेच थरथरला तरी दुसरा आवाज उठतो.

कंपनांमुळे बोल्ट हळूहळू सैल होतातच, तेव्हा ड्रम की, म्हणजे ड्रमचे बोल्ट आवळायची चावी, हाताशी ठेवा आणि अधूनमधून सगळे बोल्ट चाचपून बघा. तळपट्टी वाकली असेल किंवा बोल्टचे आटे गेले असतील, तर टॉवर दुरुस्तीला आणा, आणि सोबत पेडलही आणा. दोन्ही जोडून वाजवून पाहिल्याशिवाय दोष नेमका कुठे आहे ते कळत नाही.