एसीयू आणि एक आडवी रेघ: यूयूसीपीची पार्श्वभूमी

यूयूसीपी म्हणजे फोनच्या तारेवरून एका युनिक्स यंत्रातून दुसऱ्यात फाइली आणि मेल पाठवणारी प्रणाली. जुन्या युनिक्सवर तिची, जोडलेल्या उपकरणांची यादी असलेली 'डिव्हायसेस' फाइल उघडली, की मॉडेमच्या (संगणकाला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्राच्या) ओळीत आधी 'एसीयू' दिसतं आणि तिसऱ्या रकान्यात नुसती आडवी रेघ. माइक लेस्क यांनी बेल लॅब्जमध्ये 1976च्या सुमारास यूयूसीपी लिहिलं, तेव्हा नंबर फिरवायला 801 नावाचं वेगळं यंत्र, वेगळ्या पोर्टवर लागे. ते ऑटोमॅटिक कॉलिंग युनिट, म्हणजेच एसीयू. 1981 साली हेजचं स्मार्टमॉडेम आलं. डायल करण्याची आज्ञा ते डेटाच्याच तारेवरून घेई. त्या दुसऱ्या पोर्टचा रकाना रिकामा पडला, पण काढला कुणीच नाही. हनीमन, नोविट्झ आणि रेडमन यांच्या 1983च्या 'हनीडॅनबर' आवृत्तीतही तो आहे.

'सिस्टिम्स' फाइलमध्ये पलीकडच्या यंत्राचं नाव, वेळ, वेग, नंबर आणि लॉगिनचा संवाद. त्यात 'लॉगिन'चं पहिलं इंग्रजी अक्षर गाळतात, कारण ते कुठे मोठं, कुठे लहान.

खरी डोकेदुखी कॉल घेणाऱ्या बाजूला. मॉडेमचा एको (आलेलं तसंच परत पाठवणं) आणि उत्तरं ई0, क्यू1 या आज्ञांनी बंद केली नाहीत, तर गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा प्रोग्राम, 'लॉगिन' छापतं, मॉडेम तेच परत पाठवतं, गेटी ते नाव समजून पासवर्ड मागतं. दोघं रात्रभर एकमेकांशी बोलत बसतात. अँड-डी2 ही आज्ञा द्यायची राहिली, की डीटीआर, म्हणजे संगणक तयार असल्याची खूण, पडूनही फोन ठेवला जात नाही. मग पुढचा कॉल आधीच्याच्या उघड्या सेशनमध्ये शिरू शकतो.

यूयूसीपीच्या मूळच्या 'जी' प्रोटोकॉलमध्ये (देवाणघेवाणीच्या नियमांत) डेटा 64 बाइटांच्या तुकड्यांत जाई, प्रत्येकावर 6 बाइटांचं शीर्ष. सेकंदाला 2400 बिट वेगाने 100 किलोबाइटला 8 मिनिटं, 300ने तासाहून जास्त. त्याला आठही बिट स्वच्छ लागतात, म्हणून डेटा थांबवा-सोडा सांगायला डेटातच अक्षरं पाठवणारं एक्सऑन-एक्सऑफ नको, वेगळ्या तारा वापरणारं आरटीएस-सीटीएस हवं.

भारतात अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कची सुरुवात अशाच डायल-अप यूयूसीपी मेलने झाली, 1986-87मध्ये. मुंबईत एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि आयआयटी ही त्यातली ठिकाणं. जुन्या एक्स्चेंजवर टोनने डायल करण्याची एटीडीटी ही आज्ञा चालत नसे, पल्सची एटीडीपी लागे. परदेशी मॉडेमला इथला डायल टोन ओळखता आला नाही, तर एक्स3 ही आज्ञा देत: मग ते टोनची वाट न बघता नंबर फिरवी. जानेवारी 1991मध्ये अर्नेटची दिल्ली-मुंबई सेकंदाला 9.6 किलोबिटची लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली, कायम जोडलेली तार) सुरू झाली. त्या जोडणीला नंबर फिरवायची गरजच नव्हती.