जेईई मेन आणि सीईटीचा स्कोअर कुठे किती धरतात, अर्जाला काय लागतं

अभियांत्रिकी प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या जेईई मेन परीक्षेचा जानेवारीतला निकाल फेब्रुवारीत लागला की चोपडा-शिरपूरकडचे पालक मोबाइलवर स्कोअरकार्ड दाखवत विचारतात, "सर, इतलामा काय भेटी?" नुसत्या आकड्यावर उत्तर देता येत नाही. तो आकडा घेऊन पोरगं कुठल्या दारात उभं राहणार आहे, हे आधी ठरवावं लागतं.

कॉलेजात होणाऱ्या प्रिलिमचे गुण कुठल्याही प्रवेशात धरत नाहीत. तो सराव आहे. त्यात साठ टक्के पडले म्हणून जेईईचा अर्जच न भरणारी मुलं मी दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी वाईट वाटतं.

दुसरा गोंधळ पर्सेंटाइलचा. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी ९० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जेईई मेनचा पेपर ३०० गुणांचा असतो, त्यात निम्म्याहून थोडे जास्त गुण मिळाले तरी पर्सेंटाइल बराच वर जातो.

आयआयटीसाठी जेईई मेन ही फक्त चाळणी आहे. जानेवारी आणि एप्रिल अशी ती दोनदा होते, दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. म्हणून जानेवारीचा आकडा अंतिम समजून हातपाय गाळू नयेत. साधारण अडीच लाख विद्यार्थी पुढच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला पात्र ठरतात. एकदा पात्र झालात की मेनचा स्कोअर आयआयटीच्या यादीत मोजलाच जात नाही. रँक केवळ अ‍ॅडव्हान्स्डवर लागते. ९९ पर्सेंटाइलवाला आणि काठावर पात्र झालेला, दोघं तिथे शून्यापासून सुरुवात करतात.

हा काठ प्रत्येक प्रवर्गासाठी वेगळा असतो. २०२४ साली खुल्या प्रवर्गाची पात्रता ९३.२३ पर्सेंटाइलवर थांबली, ओबीसीची ७९.६७ वर, अनुसूचित जातीची ६०.०९ वर आणि अनुसूचित जमातीची ४६.६९ वर. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला ५० पर्सेंटाइल पडले की तो स्वतःला नापास समजतो. त्या वर्षी तो पात्र होता! हे त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं, कारण अ‍ॅडव्हान्स्डचा अर्ज आपोआप होत नाही. निकालानंतर थोड्याच दिवसांत तो वेगळा भरावा लागतो, वेगळी फी भरावी लागते. अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि पेपर इंग्रजी किंवा हिंदीतच असतो. मेन मात्र मराठीतही देता येते.

एनआयटीमध्ये, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत, चित्र उलटं. तिथे मेनची रँक हेच सर्वस्व. नागपूरच्या व्हीएनआयटी या एनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे आपल्यासाठी तो मोठा आधार आहे. आयआयटी असो की एनआयटी, बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ६५ टक्के) किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. म्हणून बोर्डाची परीक्षा सोडून देऊ नका.

जळगावचं शासकीय अभियांत्रिकी किंवा शिरपूर, धुळे, बांभोरीची महाविद्यालयं हवी असतील तर मुख्य वजन राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलला. पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० एकट्या गणिताचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. बारावीत ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) व दिव्यांगांना ४० टक्के पुरतात. २०२६ पासून ही सीईटीही दोनदा, दुसरी ऐच्छिक. जेईई मेनचा स्कोअर इथे मुख्यतः अखिल भारतीय कोट्यातल्या थोड्या जागांना उपयोगी पडतो.

पर्यायांचा क्रम विचार करून लावा. २०२५ च्या कॅपमध्ये (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला पर्याय मिळाला तर तो घेणं बंधनकारक होतं. नको असलेलं कॉलेज वर टाकून मुलं त्यात अडकली.

आता कागदपत्रं. खरी धावपळ इथेच होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, स्कोअरकार्ड, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस.

खान्देशातली कितीतरी कुटुंबं सुरतला कामाला आहेत. पोरगं तिथे दहावी-बारावी शिकलं तर महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून त्याचा हक्क संपत नाही. त्याचं स्वतःचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर टाइप बी या उमेदवार-प्रकारातून अर्ज करता येतो. गावाकडचं रेशनकार्ड दाखवून मात्र हे काम होत नाही.

राज्याचे आणि केंद्राचे दाखले वेगळे असतात, याकडे नीट लक्ष द्या. जोसा या संयुक्त जागावाटप यंत्रणेमार्फत होणाऱ्या आयआयटी-एनआयटी प्रवेशाला ओबीसीचं नॉन-क्रिमी लेयर केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं, शिवाय जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण फक्त राज्यात चालतं, केंद्रीय संस्थांत नाही. राज्यात भटक्या-विमुक्तांत मोडणाऱ्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. त्यांनी दोन्ही दाखले काढून ठेवावेत.

जात वैधतेचं प्रकरण अकरावीतच कॉलेजच्या पत्रासह जात पडताळणी समितीकडे टाका. अनुसूचित जमातीच्या दाव्यांची समिती वेगळी असते, तिथे वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदी मागतात, आणि त्या शोधायला वेळ जातो. राज्याच्या कॅप अर्जाच्या वेळी प्रकरण दाखल केल्याची पावती चालते, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. म्हणून पावतीची झेरॉक्स आणि ती मुदतीची तारीख, दोन्ही घरात डोळ्यासमोर लावून ठेवा.