‘खेळात राजकारण नको’ या वाक्याची कुळकथा

७ डिसेंबर २०२५ च्या रात्री फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप जिंकला. दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, इंडियन सुपर लीग (आयएसएल) चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपला. नव्या करारासाठी निविदा काढली होती, पण बोली लावायला कुणी आलंच नव्हतं. चषक हातात आणि लीगचा पत्ता नाही, अशी गत झाली. सावंतवाडीतून नारिंगी जर्सी घालून मडगावला जाणारी आमच्याकडची पोरं दर वर्षी दिवाळीच्या आसपास सामन्यांच्या तारखा आणि गाड्यांच्या वेळा जुळवत बसतात. त्या वर्षी जुळवायला काही नव्हतंच.

त्याच महिन्याच्या अखेरीस फातोर्ड्यालाच एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेतला सामना झाला. समोर ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल. रेफ्रीने शिट्टी वाजवली आणि गोव्याच्या खेळाडूंनी पहिले काही सेकंद चेंडूला पायच लावला नाही. घोषणा नाही, फलक नाही. नुसते उभे राहिले. भारतातल्या फुटबॉलचं काय होणार हे कुणीच सांगत नाही, त्याचा हा निषेध होता.

दुसऱ्या दिवशी मोती तलावाजवळच्या आमच्या नेहमीच्या टपरीवर यावरून खडाजंगी झाली. अण्णा ऐंशीच्या घरातले, धेंपो आणि साळगावकर या गोव्याच्या क्लबांच्या जमान्यापासून फुटबॉल बघणारे. त्यांचं म्हणणं, “खेळूक इल्यात तर खेळा. खेळात राजकारण कित्याक व्हया?” त्यावर त्यांचा नातू म्हणाला, “अण्णा, लीगच नाय, तर खेळतले खंय?”

अण्णांचं हे वाक्य फार जुनं आहे. ते कोण कुणाला म्हणत आलंय, हे एकदा नीट बघायला हवं.

आधी आमच्या भागाबद्दल दोन शब्द. सिंधुदुर्ग फुटबॉलचा जिल्हा नाही. इथे भाताची मळणी झाली की त्याच कोपऱ्यात टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं, ते पाऊस पडेपर्यंत. पण आम्ही दोन फुटबॉलवेड्या गावांच्या मधोमध राहतो. आंबोलीचा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात आणि पेठांच्या पेठा मैदानात उतरतात. दुसऱ्या बाजूला बांदा ओलांडला की गोवा. तिथे १८८३ साली शिवोलीत एका आयरिश धर्मगुरूंनी, फादर विल्यम लायन्स यांनी, हा खेळ आणला असं मानतात. सावंतवाडीचा प्रेक्षक यातला थोडा इकडचा, थोडा तिकडचा. भांडायला मात्र पूर्ण स्वतःचा.

अण्णांच्या वाक्याचं आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र क्रिकेटमधलं आहे, आणि त्याचं नातं कोकणाशी आहे. पालवणकर बाळू. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं, जन्म १८७६ चा, धारवाडचा. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता गोलंदाजी शिकला. पुढे हिंदूंच्या संघाला तो हवाहवासा झाला, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यातून चहा दिला जाई. १९११ साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूने शंभराहून जास्त बळी घेतले. संघ सपाटून हरत होता आणि हा एकटा विकेटा काढत होता.

तरीही कर्णधारपद नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत (युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांच्या) तर बाळूला संघातूनच वगळलं आणि त्याचा भाऊ विठ्ठल, जो तेव्हा हिंदूंचा सर्वोत्तम फलंदाज होता, त्याला कर्णधारपदासाठी डावललं. तेव्हा विठ्ठल आणि आणखी एक भाऊ शिवराम या दोघांनी संघातून अंग काढून घेतलं, आणि जातीमुळे आम्हाला डावललं जातंय, हे जाहीरपणे सांगितलं. आज आपण ज्याला खेळाडूंचा निषेध म्हणतो, तो हाच. शंभर वर्षांपूर्वीचा, आणि कुणाकडून उसना न घेतलेला. त्याचा परिणामही झाला. अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावलं आणि बाळूला उपकर्णधार केलं. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि त्याने स्पर्धा जिंकून दाखवली.

आता विचार करा, १९२० मध्ये राजकारण कुणी आणलं होतं? चहा वेगळ्या भांड्यातून देणाऱ्यांनी, की खेळायला नकार देणाऱ्यांनी? पहिल्याला रीत म्हणत, दुसऱ्याला आडमुठेपणा. माझ्या मते या वाक्याची खरी मेख इथे आहे. ज्याच्या हातात संघनिवड असते, मैदान असतं, करार असतो, त्याच्या निर्णयाला कुणी राजकारण म्हणत नाही. (बाळूंच्या गोष्टीला पुढे एक चमत्कारिक वळण आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे उभे राहिले ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात, आणि थोडक्या मतांनी हरले. माणूस एका चौकटीत बसत नाही तो असा.)

बाळू इंग्लंडमध्ये गोलंदाजी करत होता त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ ला, कोलकात्यात मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ ने हरवलं. बागानचा एक सोडून बाकीचे सगळे अनवाणी. बागानचे खेळाडू नुसते फुटबॉल खेळले. पण तो जय नुसत्या फुटबॉलचा होता असं आजवर एकही बंगाली माणूस म्हणालेला नाही.

परदेशातली उदाहरणं टपरीवर जास्त निघतात, कारण ती मोबाइलवर सापडतात. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध १९६८ चं. मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये २०० मीटरमध्ये टॉमी स्मिथ पहिला आणि जॉन कार्लोस तिसरा आला. दोघे कृष्णवर्णीय अमेरिकन. काळ्यांच्या गरिबीची खूण म्हणून पायात बूट न घालता, नुसते काळे मोजे घालून ते पदकाच्या चौथऱ्यावर चढले आणि राष्ट्रगीत सुरू असताना काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. कार्लोस आपले हातमोजे विसरला होता, म्हणून एकाच जोडीतला एकेक दोघांनी घातला. फोटो नीट बघितला तर स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा. दोघांना स्पर्धेतून घरी पाठवलं. त्यांच्या बाजूला उभा असलेला दुसऱ्या क्रमांकाचा पीटर नॉर्मन हा गोरा ऑस्ट्रेलियन. त्याने मूठ उगारली नाही, फक्त त्यांच्या चळवळीचा बिल्ला छातीला लावला. तेवढ्यावरून त्याच्याच देशात त्याला लोकांनी दूर लोटलं. २००६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने माफी मागितली ती २०१२ मध्ये.

गुडघा टेकण्याची गोष्ट २०१६ ची, आणि ती वेगळ्याच फुटबॉलमधली. अमेरिकेचं फुटबॉल, लांबट चेंडू हातात धरून पळायचं. (“ह्या फुटबॉलात पाय खंय?” हा अण्णांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.) सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्सचा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक पोलिसांकडून कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या अत्याचारांचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी आधी बाकावर बसून राहिला. त्यावरून गदारोळ झाल्यावर नेट बॉयर नावाच्या एका माजी सैनिकाशी तो बोलला. बसण्यापेक्षा गुडघा टेक, सैनिक पडलेल्या साथीदारापुढे टेकतात तसा, असं बॉयरने सुचवलं. देशाचा अपमान म्हणून जे पुढे गाजलं, ते मुळात एका सैनिकाशी बोलून ठरलेलं होतं. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये भर सभेत अशा खेळाडूंना हाकलून द्या म्हणून सांगितलं. केपर्निकला २०१७ पासून एकाही संघाने घेतलं नाही. २०२० मध्ये पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिका पेटली, तेव्हा तिथल्या फुटबॉल लीगच्या प्रमुखांनी, खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही आमची चूक झाली, असं कबूल केलं. केपर्निक मात्र घरीच राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये टाळेबंदीनंतर इंग्लंडची प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली आणि गुडघा आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये आला. रिकाम्या स्टेडियमात बावीस जण टेकत. पुढे प्रेक्षक परतले तेव्हा इंग्लंडमध्येच काहींनी हुर्यो उडवली. आणि क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा, स्वतः कृष्णवर्णीय, याने टेकणं थांबवलं. आता ही नुसती सवय झालीय, त्याने काही बदलत नाही, असं त्याचं म्हणणं. झाहाचं मला पटतं. निषेधाला आयोजकांची परवानगी मिळाली, वेळ ठरवून मिळाली, की त्यातला दम निघून जातो.

परवानगी नसली की काय होतं ते २०२२ च्या कतार विश्वचषकात दिसलं. युरोपातल्या सात कर्णधारांना भेदभावाच्या विरोधातली रंगीबेरंगी ‘वनलव्ह’ पट्टी दंडावर बांधायची होती. फिफाने पिवळं कार्ड दाखवू म्हटल्यावर सगळ्यांनी माघार घेतली. जर्मनीच्या संघाने जपानविरुद्धच्या सामन्याआधी फोटोला उभं राहताना तोंडावर हात ठेवले, आणि सामना हरल्यावर, आधी खेळाकडे बघा, असा टोमणा खाल्ला. त्या स्पर्धेत खरी जोखीम इराणच्या खेळाडूंनी घेतली. पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या महसा अमिनीच्या मृत्यूवरून त्यांचा देश रस्त्यावर उतरला होता. इंग्लंडविरुद्ध राष्ट्रगीत वाजलं तेव्हा अकरा जण ओठ मिटून उभे राहिले. पुढच्या सामन्यात त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं. मधल्या चार दिवसांत काय झालं असेल, याची कल्पना इराणी प्रेक्षकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून करता येत होती.

आपल्याकडच्या फुटबॉलपटूंनी तोंड उघडलेलं नाही असं नाही. २००८ मध्ये भारताचा कर्णधार बायचुंग भुतियाने तिबेटच्या प्रश्नावर बीजिंग ऑलिंपिकची मशाल हातात घ्यायला नकार दिला. मे २०२३ मध्ये दिल्लीत महिला कुस्तीपटूंना पोलिसांनी फरफटत नेलं तेव्हा सुनील छेत्री उघडपणे बोलला. बरेच मोठे क्रिकेटपटू तेव्हा गप्प होते, हे टपरीवर कुणी विसरलेलं नाही.

मला जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण जीकसन सिंगचं आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा पहिलावहिला गोल याचा. त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, म्हणून ते सामने आमच्याकडे जास्तच बघितले गेले. ४ जुलै २०२३ ला बंगळुरूत भारताने कुवेतला हरवून सॅफ स्पर्धा जिंकली. मैतेई आणि कुकी यांच्यातल्या हिंसाचारात मणिपूर तेव्हा दोन महिने जळत होतं. जीकसन पदक घ्यायला गेला तो मैतेईंचा सातरंगी झेंडा अंगावर घेऊन. त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि मला फक्त शांतता हवी होती, असा खुलासा त्याला करावा लागला. झेंडा एका बाजूचा होता, हे खरंच. कुकी घरांत तो बघून काय वाटलं असेल, हेही विचारायला हवं. पण घर पेटलेल्या पोराने पदक घेताना दुसरं काय अंगावर घ्यायला हवं होतं, हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

आता पुन्हा लीगकडे. महासंघ आणि क्लब यांच्यातली ओढाताण काही २०२५ ची नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं, कारण महासंघाच्या नव्या आराखड्यात आयएसएल वरच्या पायरीवर आणि आय-लीग खालच्या. धेंपो म्हणजे पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. अण्णा तेव्हा आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये तर महासंघाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांकडे गेल्यामुळे फिफाने भारतालाच काही दिवस निलंबित केलं. मैदानात एकही खेळाडू काही बोलला नव्हता, तरी सगळं बंद.

कोलकात्यात प्रेक्षकांनीही धडा घालून दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर ड्युरँड कपमधला बागान–ईस्ट बंगाल सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द केला. शंभर वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्हीकडचे पाठीराखे त्या संध्याकाळी सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले, पोलिसांच्या लाठ्याही एकत्र खाल्ल्या.

जानेवारी २०२६ मध्ये छेत्री, गुरप्रीत, संदेश झिंगन यांनी व्हिडिओ काढून फिफाला मदतीसाठी साकडं घातलं. काही दिवसांत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीगची तारीख जाहीर केली, १४ फेब्रुवारी. चौदा संघ, ९१ सामने, प्रत्येकाशी एकदाच गाठ. नेहमीच्या हंगामाच्या जवळपास अर्धा. “म्हणजे राजकारण्यांनीच सुरू केल्यानी मां?” नातू म्हणाला. अण्णांनी चहा बशीत ओतला.

अण्णांची एक सवय सांगायची राहिली. फातोर्ड्याला गाडीने जाताना पत्रादेवीला ते गाडी थांबवायला लावतात. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी तिथे गोळ्या झाडल्या. बांद्याहून निघालेल्या त्या तुकड्या अण्णांनी लहानपणी बघितल्या होत्या, नि:शस्त्र, पावसात भिजत जाणाऱ्या. ते खाली उतरतात, चपला काढतात, स्मारकासमोर काही क्षण उभे राहतात. काही बोलत नाहीत. मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, कारण उशीर झाला तर स्टेडियमजवळ पार्किंग मिळत नाही.