शालेय नाट्यशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत आणि गल्लीतल्या मंडळांत मुलांना अभिनय आणि रंगमंचाची बाकीची कामं शिकवली जातात, त्याबद्दलची ही नोंद. वेगळा तास क्वचितच मिळतो, बरंचसं काम गॅदरिंगच्या तालमीत नाहीतर मे महिन्याच्या शिबिरात उरकतं.

नाटक इथं घरचंच आहे. संगीत नाटकाची घडी बसवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, त्यांचं शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगभूमीवर आलं.

पण पोरांची पहिली शाळा म्हणजे शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. ट्रॉलीवर सजीव देखावा, समोर तुडुंब गर्दी, ढोल वाजतोय, आणि अफझलखानाचा सरदार झालेला सातवीतला पोरगा मरून पडलाय तो डोळ्याची पापणी हलवत नाही, एवढा धीर कुठल्याच वर्गात शिकवून येत नाही. अडचण एवढीच की संवाद बऱ्याचदा रेकॉर्ड केलेले असतात, पोरं नुसते ओठ हलवतात, म्हणजे अंग तयार होतं पण आवाज कच्चाच राहतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेश-रंगभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला वाचिक इथं शाळेनंच हातात घ्यायला पाहिजे.

त्यासाठी माईक बंद करायचा. मुलाला स्टेजवर उभं करायचं, सरांनी हॉलच्या शेवटच्या बाकावर बसायचं आणि वाक्याचा शेवटचा शब्द तिथं पोचेपर्यंत पुन्हा म्हणायला लावायचं, कारण बहुतेक मुलं सुरुवात जोरात करतात आणि श्वास संपला की क्रियापद गिळतात. ओरडू द्यायचं नाही, श्वास कुठं घ्यायचा ते स्क्रिप्टवर पेन्सिलीनं खूण करून ठेवायचं.

भाषेचं म्हणाल तर पहिले काही दिवस घरचीच बोली चालू द्यावी. बाजारातलं भांडण, बस चुकली, असा प्रसंग देऊन आपल्या बोलीत, मध्ये कानडी आलं तरी चालेल, बोलायला सांगितलं की लाजरी मुलगीसुद्धा हात हलवून बोलायला लागते. पहिल्याच दिवशी 'शुद्ध बोल' म्हटलं की ती गप्पच होते, हे टाळायलाच हवं. प्रमाण भाषा नंतर, भूमिकेला लागेल तशी. एकट्याच्या सरावाला नाट्यछटा बरी, लेखक दिवाकरांनी १९११ पासून लिहायला घेतलेला हा प्रकार, बोलणारा एकच, समोरचा माणूस कल्पनेतला, त्यामुळे ऐकायचा अभिनयही करावा लागतो.

ज्यांना स्टेजवर यायचं नाही त्यांना प्रॉम्प्टिंग (विंगेतून संवाद आठवून देणं), लाईट, नेपथ्य, मेकअप द्यावं, आणि त्यांचीही नावं प्रयोगाआधी मोठ्यानं घ्यावीत.