डीलरच्या नावाची पैज

कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्या किंवा फाशांचा, चाकाचा खेळ चालवणाऱ्या डीलरला हातात बक्षिसी न देता त्याच्यासाठी टेबलावर पैज लावण्याची प्रथा. डाव जिंकला तर लावलेली चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) आणि तिच्यावरची कमाई दोन्ही डीलरची. हरला तर चिप कॅसिनोच्या गल्ल्यात. ही प्रथा सर्वाधिक रुजली ती अमेरिकेत, विशेषतः नेव्हाडातील लास व्हेगासमध्ये. तिथे डीलरचा मूळ पगार बहुधा किमान वेतनाच्या आसपास असतो (जुलै २०२४ पासून ताशी १२ डॉलर) आणि घर चालते ते बक्षिसीवर. व्हेगासच्या बोलीत तिला ‘टोक’ म्हणतात.

ब्लॅकजॅकमध्ये (२१ च्या जवळ बेरीज नेण्याचा पत्त्यांचा खेळ) खेळाडू आपल्या पैजेच्या वर्तुळाबाहेर, डीलरच्या बाजूला एक चिप ठेवतो. त्याचा हात जिंकला की ती चिपही जिंकते: ५ डॉलर ठेवले असतील तर डीलरला १० मिळतात. हीच चिप स्वतःच्या चिपांच्या चवडीवर ठेवली, तर रिवाज बदलतो. तेव्हा फक्त जिंकलेले ५ डॉलर डीलरकडे जातात, मूळ चिप खेळाडूच्या ताब्यात राहते आणि तीच पुढच्या डावात डीलरसाठी पुन्हा लावता येते. बक्षिसी मिळाल्यावर डीलर ती चिप टेबलावर ठकठक वाजवतो, म्हणजे देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकाला ती कशाची हे कळते, आणि मग कुलूपबंद पेटीत टाकतो.

क्रॅप्सच्या, म्हणजे दोन फाशांच्या खेळाच्या, टेबलावर या प्रथेला खरा रंग चढतो. तिथे चौघांचे पथक काम करते आणि खेळाडू ‘टू-वे हार्ड एट’ असे ओरडून दोन चिपा टाकतो, एक स्वतःसाठी, एक पथकासाठी. चार-चार पडले तर डॉलरला ९ डॉलर मिळतात. त्या क्षणी टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच फेक हवी असते. हातात दिलेल्या चिपेत ही मजा नाही, आणि प्रथा टिकली आहे ती त्यामुळेच.

हिशेब मात्र नीट पाहायला हवा. खेळाडूच्या खिशातून पैसे दोन्ही प्रकारे तेवढेच जातात, पण पैज लावली की त्यातला काही वाटा सरासरीने कॅसिनोला जातो. हार्ड एटवर कॅसिनोची सरशी ९.०९ टक्के, म्हणजे पथकासाठी टाकलेल्या डॉलरमागे सरासरी ९१ सेंटच त्यांच्या पदरात पडतात. दुहेरी शून्याच्या रूलेटवर (चाकाच्या खेळात) हा तोटा ५.२६ टक्के, क्रॅप्सच्या ‘पास लाइन’ या साध्या पैजेवर १.४१ टक्के, आणि चांगले नियम असलेल्या ब्लॅकजॅक टेबलावर, नीट खेळल्यास, साधारण अर्धा टक्का. म्हणून डीलरचे भले खरोखर मनात असेल तर त्याच्या नावाची चिप पास लाइनवर किंवा ब्लॅकजॅकवर ठेवावी. नाहीतर सरळ हातात द्यावी.

खेळाडू जिंकावा असे डीलरला वाटू लागले, तर कॅसिनो हे चालू कसे देतो? कारण डीलरच्या हाती निर्णयच नसतो. ब्लॅकजॅकमध्ये १६ पर्यंत पत्ता घ्यायचा आणि १७ पासून थांबायचे, हे नियमानेच ठरलेले (फक्त एक्का ११ धरून झालेल्या १७ वर काही ठिकाणी आणखी एक पत्ता घेतात). उरतो तो झाकलेला पत्ता दाखवण्याचा किंवा जास्त पैसे मोजून देण्याचा मोह; त्यासाठी टेबलावर कॅमेरे रोखलेले असतात.

जिंकलेली चिप त्या एका डीलरची सहसा होत नाही. बहुतेक मोठ्या कॅसिनोंत सगळ्यांची बक्षिसी एकत्र करून कामाच्या तासांप्रमाणे वाटली जाते. या वाटणीत कोण बसणार यावरून मोठा संघर्ष झाला आहे. २००६ साली विन लास व्हेगासने पर्यवेक्षकांनाही त्यात वाटा दिला, तेव्हा डीलर संतापले आणि २००७ मध्ये त्यांनी मतदान करून कामगार संघटना आणली. न्यायालयीन लढाई अनेक वर्षे चालली. अखेर २०१८ च्या केंद्रीय कायद्याने व्यवस्थापक व पर्यवेक्षकांना कर्मचाऱ्यांच्या बक्षिसीतून वाटा घेण्यास मनाई केली. डीलरांची तक्रार रास्त होती असेच यावरून म्हणावे लागते.

जर्मनीत रीत उलटी आहे: रूलेटवर एका आकड्यावर जिंकणारा ३५ पट कमाईतली एक चिप ‘कर्मचाऱ्यांसाठी’ म्हणून परत देतो, आणि ती ‘ट्रोंक’ नावाच्या पेटीत जाते. तिथे नशीब आधी, बक्षिसी नंतर. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये मात्र कॅसिनोच्या परवानाधारक कर्मचाऱ्यांना बक्षिसी घेण्यास कायद्यानेच बंदी आहे.

ही रक्कम देणगी की उत्पन्न, हा वादही न्यायालयात गेला. १९७६ च्या ओल्क खटल्यात क्रॅप्सच्या एका डीलरचे म्हणणे होते की ही खेळाडूने खुशीने दिलेली भेट आहे, तिच्यावर कर लागू नये. कनिष्ठ न्यायालयाने ते मान्य केले होते. अपील न्यायालयाने फिरवले आणि ते उत्पन्नच ठरवले. २०२५ च्या अमेरिकी कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी २५,००० डॉलरपर्यंतच्या बक्षिसीवर केंद्रीय प्राप्तिकरात वजावट दिली असून, पात्र व्यवसायांच्या यादीत कॅसिनो डीलर आहेत.