उताणी कवडी, पालथी कवडी

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर पोरांना बाहेर सोडायची कुणाची छाती होत नाही. आमच्या लहानपणी अशा दुपारी साखर पेठेतल्या वाड्यात शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखला जायचा. बाहेर मागांचा खडखडाट आणि आत चार कवड्यांचा. शेजारच्या तेलुगू अव्वा या खेळाला अष्टा-चम्मा म्हणायच्या, मागच्या खोलीतल्या कानडी काकू चौकाबारा म्हणायच्या. आम्हाला दोन्ही नावं चालायची.

चार कवड्या टाकायच्या. दातेरी फट वर आली की कवडी उताणी, पाठ वर आली की पालथी. जितक्या उताण्या, तितकी घरं सोंगटी पुढे. चारही उताण्या पडल्या तर चम्मा, म्हणजे 4. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे 8. दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं.

गेल्या सुट्टीत भाचीने हाच पट मांडला आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "मावशी, अष्टा सारखा पडतो आणि चम्मा पडतच नाही. असं का गं?" घरातल्यांनी "नशीब असतं एकेकाचं" म्हणून विषय मिटवला. मला तो मिटवता येईना, कारण प्रश्न फार चांगला होता.

आधी कवडीला नाण्यासारखी समजू. उताणी आणि पालथी, दोन्हींना समान संधी. चार कवड्या पडण्याच्या एकूण 16 तऱ्हा होतात. एकही उताणी नाही अशी 1, एक उताणी अशा 4, दोन उताण्या अशा 6, तीन अशा 4 आणि चारही उताण्या अशी 1. हे 1, 4, 6, 4, 1 शाळेत बीजगणितात भेटतात, पण मला ते वृत्तांच्या तासामुळे जास्त जवळचे वाटतात. चार अक्षरांत लघु-गुरू किती प्रकारे मांडता येतील, ते मोजलं की हेच आकडे मिळतात. पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार म्हणून हीच मांडणी समजावली. उताणीच्या जागी लघु आणि पालथीच्या जागी गुरू ठेवा, हिशोब तोच. मात्र यावरून 'संभाव्यतेचं गणित आपल्याकडे आधीच होतं' असे जे संदेश फिरतात, ते चुकीचे आहेत. पिंगल-हलायुधांनी रचना मोजल्या आणि ते काम स्वतःच्या बळावर थोर आहे. डावात काय पडण्याची शक्यता किती, हा विचार पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या 1654 सालच्या पत्रव्यवहारातून आकाराला आला.

तर या हिशोबाने अष्टा आणि चम्मा दोन्ही 16 डावांत सरासरी एकेकदा पडायला हवेत. मग भाचीची तक्रार?

कवडी नाण्यासारखी नाही, ही खरी गोम. मोहेंजोदडोच्या उत्खननात भाजक्या मातीचे घनाकृती फासे मिळाले आहेत. आजच्या फाशावर समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज 7 येते, तिथल्या फाशांवर 1 समोर 2, 3 समोर 4, 5 समोर 6 असे ठिपके दिसतात. मांडणी वेगळी असली तरी बिघडत नाही, कारण घनाच्या सहाही बाजू सारख्याच. कवडीच्या दोन बाजू मात्र मुळातच वेगळ्या आहेत, आणि त्या तशा का, याची गोष्ट मला फार आवडते.

कवडी हे हिंदी महासागरातल्या एका गोगलगायीचं कवच. मालदीवच्या बेटांवरून ती जहाजांनी भारतात यायची आणि चलन म्हणून चालायची. 'कवडीमोल' हा शब्द त्याच काळाची खूण. लहान असताना या गोगलगायीचं कवच पातळ, गुंडाळीसारखं असतं. प्राणी वयात आला की कवचाची बाहेरची कड आत वळते, जाड होते, तिच्यावर दात येतात आणि मोठा दरवाजा अरुंद फट होऊन बसतो. त्यानंतर कवडी लांबी-रुंदीने वाढत नाही, जाड मात्र होत जाते. प्राण्याच्या अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकते आणि बाहेरून चकचकीत थर चढवते. कवडीला पॉलिश करावं लागत नाही ते यामुळे.

म्हणजे पोटाकडची बाजू सपाट आणि जाडजूड, पाठ घुमटासारखी. कवडी पालथी पडली की जड भाग खाली राहतो, उताणी पडली की तोच वर येतो. फरशीवर टप्पे घेत ती थांबते तेव्हा हा फरक तिला एका बाजूला झुकवतो. किती झुकवतो, ते त्या कवडीच्या आकारावर, झिजेवर आणि खाली फरशी आहे की सतरंजी, यावर ठरतं. पाठ घासलेली कवडी आणखी वेगळी वागते.

आता मूळ मुद्दा. समजा, कल अगदी थोडा आहे. दहा वेळांत सहा वेळा पालथी, चार वेळा उताणी. एका कवडीत हा फरक डोळ्यांना कळणारही नाही. पण अष्टा पडायला चारही पालथ्या हव्यात, म्हणून 0.6 चार वेळा गुणायचे, उत्तर येतं 0.1296. चम्म्यासाठी 0.4 चार वेळा गुणायचे, उत्तर 0.0256. शंभर डावांत अष्टा सुमारे 13 वेळा आणि चम्मा अडीच-तीन वेळा. सहाला चाराने भागलं तर दीडच, पण दीडचा चौथा घात पाचाच्या वर जातो. एका कवडीतला दीडपट फरक चार कवड्यांत पाचपट झाला. कवड्या सहा घेतल्या तर तो अकरापटीवर जाईल.

खेळताना आणखी एक गोष्ट हमखास ऐकू येते, "बराच वेळ अष्टा नाही पडला, आता पडणारच." कवडीला मागचा डाव आठवत नाही. दहा डाव कोरडे गेले तरी अकराव्याला शक्यता तेवढीच. सोलापूरपासून जवळच असलेल्या तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ ही श्रद्धेची गोष्ट, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण 'सिद्ध केलेली पिवळी कवडी तिजोरीत ठेवा, पैसा येईल' असं सांगून ऑनलाइन जे विकलं जातं, ती फसवणूक आहे. पिवळसर रंग हा या जातीच्या कवडीचा साधा, नैसर्गिक रंग आहे.

मोजायचंच असेल, तर प्रत्येक कवडीवर नेलपॉलिशचा वेगळा ठिपका द्या, कारण प्रत्येकीचा कल वेगळा असतो. एकच कवडी 100 वेळा टाकून भागत नाही. अगदी समतोल कवडीही 100 मध्ये 40 ते 60 दरम्यान कितीही वेळा पालथी पडू शकते. 400 वेळा टाकलीत, तर समतोल कवडी बहुधा 180 ते 220 मध्ये राहील आणि दहात सहा वेळा कलणारी 240च्या आसपास जाऊन उघडी पडेल. पृष्ठभाग बदलला की नव्याने मोजायचं.

भाचीने लाल ठिपक्याची कवडी निवडली आहे. फरशीवर खडूने पाच-पाचाच्या रेघा मारत ती 260 पर्यंत पोचली आहे, आणि 400 होईपर्यंत बेरीज करायची नाही, असं तिने स्वतःच ठरवलं आहे.