परिस्थितिकीय उंबरठा आणि चराऊ राने

परिस्थितिकीय उंबरठा : चराई, दुष्काळ किंवा वणवा यांच्या ताणाने गवताळ रान हळूहळू खालावते. एका मर्यादेपलीकडे मात्र ते वेगळ्याच अवस्थेत जाते आणि ताण काढून घेतला तरी माघारी येत नाही. ही मर्यादा म्हणजे उंबरठा.

अमेरिकी वनस्पतितज्ज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या अनुक्रमण सिद्धांताच्या (वनस्पतींचा समुदाय ठरावीक टप्प्यांनी एका स्थिर अवस्थेकडे जातो, या मताच्या) प्रभावामुळे, गुरे कमी केली की रान आपोआप सावरते, असा समज दीर्घकाळ होता. १९८९ मध्ये वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मायर या परिस्थितिकी-अभ्यासकांनी ‘अवस्था व संक्रमण’ प्रारूप, म्हणजे रान अनेक अवस्थांत राहू शकते आणि एकीतून दुसरीत जाते ही मांडणी, पुढे आणून त्याला छेद दिला. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मार्गारेट फ्रीडेल यांनी चराऊ रानांच्या संदर्भात उंबरठ्याची कल्पना स्पष्ट केली.

नागपूर परिसरात हा बदल बरडीवर, म्हणजे उथळ मुरमाड जमिनीवर, चांगला वाचता येतो. ही राने शेडा-मारवेल गवतांच्या पट्ट्यात मोडतात. ढोरकी (गुराखी) आखरावरून, म्हणजे गुरे गोळा होण्याच्या जागेवरून, गुरे हाकतो, तेव्हा ती आधी याच बहुवर्षायू गवतांना तोंड घालतात. भार वाढला की ही गवते मागे पडून कुसळी हे गवत माजते. कुसळे धरल्यावर गुरे तीही टाळतात. इथवर रानाला विसावा पुरतो. पण गवताच्या ठोंबांमधल्या उघड्या जागा वाढून एकमेकींना भिडू लागल्या, की उंबरठा जवळ आला. ठोंबाच्या बुडाशी पाणी जिरते. उघड्या मातीवर थेंबांच्या माऱ्याने पापुद्रा धरतो, पाणी वाहते आणि माती व बी घेऊन जाते. वर्षाला हजार मिमीहून अधिक पाऊस पडूनही मुरूम तहानलेला राहतो. मग तरोटा (टाकळा) हे तण आणि घाणेरी (टणटणी) हे झुडूप शिरतात. तरोट्याची कोवळी भाजी माणसे आवडीने खातात. गुरे हिरव्या तरोट्याला सहसा शिवत नाहीत.

व्यवस्थापनात याचा उपयोग खर्च कुठे करावा हे ठरवण्यासाठी होतो. उंबरठ्याअलीकडे पावसाळ्यात बी पडेपर्यंत चराई थांबवणे आणि फेरपालटीने चारणे पुरते. पलीकडे नुसते कुंपण व्यर्थ जाते. घाणेरी मुळासकट काढणे, समतल चर खणणे, शेडा-मारवेलचे बी पेरणे भाग पडते. उंबरठ्याचा नेमका आकडा आधी सांगता येत नाही, काळ्या मातीत आणि मुरमात तो निराळा असतो. म्हणून उघड्या जागांवर दरवर्षी नजर हवी.

पूर्व विदर्भात गुरांची बरीच चराई सरकारी दफ्तरात ‘झुडपी जंगल’ (झुडपांचे रान) अशी नोंद असलेल्या जमिनींवर होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनी ठरवल्या. त्यांचे संरक्षण आवश्यकच आहे. पण तिथे गवत टिकून असताना सरसकट वृक्षलागवड करणे म्हणजे ते रान आपल्याच हातांनी दुसऱ्या अवस्थेत ढकलणे होय.